छपराखालचा पाऊस

हाफिजाच्या भांगात आयुष्यात पहिल्यांदा काही पडलं, तो सफेद्याचा गोळा होता. शिडीवरून पडला, आणि चांगला मूठभर होता.

"या अल्ला!" म्हणून तिनं डोक्याला हात लावला, तर हात पांढरा. वर बघितलं, तर छपराला टेकलेल्या शिडीवर एक सावळा गडी. एका हातात पाना, दुसऱ्या हातात उपडा झालेला डबा, आणि तोंड असं, की आता खाली उतरावं की छपरातनं वरच निघून जावं याचा विचार चाललाय.

"चुकलो बाई... हात सटकला."

"हात सटकला? लग्नाच्या आधीच म्हातारी करून ठेवलासा की मला!"

बारदान शिवणाऱ्या बाया खदाखदा हसल्या. त्यांच्यातली सगळ्यात जुनी झुंबरबाई. तिच्या तोंडाला ना कुलूप ना कडी. ती दाभण खाली ठेवून म्हणाली, "ओ पावणं, पोरीच्या डोक्यात काय माळायचं तेवढी रीत तरी शिकून या की! फुलं माळत्यात, चुना न्हाई."

"चुना न्हवं मावशी, सफेदा हाय. पाइपाच्या आट्याला लावत्यात."

"मग पाइपाला लावा. ही काय पाइप हाय व्हय?"

गडी उतरला. रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं त्यानं हात लांब करून हाफिजापुढं धरलं. इतका लांब, की मधून एखादी बैलगाडी गेली असती. तिनं फडक्याचं दुसरं टोक धरलं. तो सोडायचं विसरला... ती ओढायचं विसरली. शेवटी झुंबरबाई खोकली, तेव्हा दोघांना फडकं आठवलं.

हे झालं चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत, शिरोलीच्या वाटेवरच्या एका सूतगिरणीच्या गोडावनात. गोडावन असं, की या टोकाला कुणी हाक मारली, तर त्या टोकाचा माणूस जेवून उठल्यावर 'ओ' द्यायचा. आत कापसाच्या गाठींच्या थप्प्या पार छपरापर्यंत. तिथले उंदीरसुद्धा गाद्यांवर लोळून लोळून इनामदारासारखे सुटले होते. आदल्या उन्हाळ्यात त्या कापसाला आग लागली आणि गोडावनाचा एक कोपरा गेला. मग विमावाल्यांनी मालकांना बजावलं, छपराखाली पाण्याचे पाइप बसवा, नाहीतर पुढच्या आगीला आम्हाला बोलवू नका. म्हणून मुंबईच्या एका कंपनीची माणसं आली, ट्रकभर पाइप आले, आणि त्यांच्याबरोबर हा आला. पेठ वडगावचा दिलदार, फिटर.

हाफिजाचा बाप दस्तगीर त्याच गोडावनाचा पहारेकरी. कमरेला पितळी बिल्ल्याचा पट्टा आणि मिशीला पीळ. आई लहानपणीच गेलेली, म्हणून पोरगी बापाच्या नजरेसमोर, बारदान शिवायला. गाठींवरचं गोणपाट फाटलं की या बाया सुतळीनं शिवायच्या.

सफेदा दोन-तीन न्हाण्यांत निघाला. पण दिलदारचं त्या कोपऱ्यात येणं काही निघालं नाही. आता कारणही मिळालं होतं. पाइपाला पाइप जोडायचा, तर आट्यांवर आधी ताग गुंडाळायचा, वरून सफेदा लावायचा, मग पाना. ताग नसेल तर पाणी कुणाच्या बापाला ऐकत नाही. कंपनीनं पाठवलेला ताग वाटेत भिजून बुरसला होता. झुंबरबाईनं सरळ बोट दाखवलं.

"हिच्याकडनं घ्या. ही सुतळी उकलून ताग असा इंचरती, की म्हातारीच्या केसागत पांढरा मऊ निघतोय."

हाफिजा सुतळी उकलायची, खिळ्यांच्या फळीवर विंचरायची, हाताला तेल लावून त्याची एकेक बट करायची. दिलदार वरून दोरीला टोपली बांधून खाली सोडायचा, ती बटा ठेवायची, टोपली वर जायची. पुढं पुढं त्या टोपलीचा धंदा वाढला. खाली येताना हरभऱ्याचा डहाळा यायला लागला. वर जाताना तागाखाली भाकरी आणि खर्डा जायला लागला. एकदा खर्डा इतका तिखट गेला, की शिडीवरनं मोठ्यानं उचकी ऐकू आली आणि झुंबरबाई म्हणाली, "अगं, आगीचं पाइप त्येच्याच पोटात बसीव आधी."

एकदा त्यानं टोपलीतून एक पितळी तोटी पाठवली. मध्ये बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी, आत लाल पाणी.

"अत्तर हाय?" हाफिजानं वर बघून विचारलं.

"न्हाई. अशी एकेक तोटी पाइपाला ठायी ठायी बसवायची. खाली आग लागली की ही कुपी तापती, फुटती, आणि वरनं पाऊस!"

"म्हंजे आग लागायच्या आधीच पाणी टांगून ठेवायचं?" झुंबरबाईला ते पटेना. "हे म्हंजे लगीन ठरायच्या आधीच झबलं शिवल्यागत झालं!"

हाफिजा कुपी उजेडात धरून बघत होती. "आणि आग न्हाईच लागली तर?"

"तर बिचारी जलमभर तशीच टांगून राहायची."

"मग तिनं बोलावं की... मी हितं हाय म्हणून."

"बोलत न्हाई ती. तापल्याबिगर."

"लय गुमान हाय म्हणायची."

"लय." त्यानं असं म्हटलं, की कुपीविषयी म्हटलं असं फक्त कुपीलाच वाटलं असेल.

असे दिवस चालले होते. छपराच्या पत्र्यातून ऊन गळायचं, त्यात कापसाची लव तरंगायची, आणि वरून मधूनच पाना वाजायचा — टण्... टण्... हाफिजाला आता नुसत्या आवाजावरून कळायचं, तो कुठल्या रांगेत आहे, उजव्या हातानं आवळतोय की डाव्या, आणि मध्येच थांबला तर कुठं बघतोय. तिचा पदर तेवढ्यापुरता सरळ व्हायचा.

मग एका शुक्रवारी दस्तगीर घरी येऊन म्हणाला, "कुरुंदवाडच्या सुलतानबीचा निरोप हाय. तिच्या निसारसाठी तुला बघायला यायचं म्हणत्यात. उरूस झाला की बोलावतो म्हटलंय."

हाफिजाच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. उरूस जवळ आला होता. आणि त्याच आठवड्यात कंपनीची माणसं जेवताना बोलत होती, आता एकच रांग राहिली, मग टेस्ट, मग बिस्तरा गुंडाळून कानपूर. दिलदार मात्र काही बोलेना. ती टोपलीत ताग ठेवता ठेवता म्हणाली,

"पुढं कुठं मग... कानपूर?"

"कंपनी म्हणंल तिकडं."

"आणि तुमी काय म्हणाल?"

वरून पाना दोनदा वाजला. मग, "टेस्ट तरी होऊ दे आधी." आणि त्यानं दोरी भराभर वर ओढून घेतली. त्याचे कान लाल झाले होते, पण छपराच्या अंधारात कान कुणाला दिसतात?

पोरीच्या जातीनं 'थांबा' म्हणायचं कसं? ती राहायची त्या मंगळवार पेठेत ते कुणी कधी केलेलं नव्हतं. हाफिजानं रात्रभर विचार केला आणि सकाळी तिला जे सुचलं, ते बारदान शिवणाऱ्या पोरीलाच सुचावं. गोडावनाच्या मागं पावसाळ्यात भिजून कुजलेलं गोणपाट पडलं होतं. त्यातला ताग तिनं काढला, तेल लावून चकचकीत केला, आणि प्रत्येक बटेच्या पोटात तो कुजका घालून वरून चांगला गुंडाळला. दिसायला सोनं. शेवटच्या रांगेला तो ताग वर गेला. तिचा हिशेब साधा होता. टेस्टला थेंब-दोन थेंब गळतील, रांग पुन्हा आवळावी लागेल, त्याला चार दिवस राहावं लागेल. चार दिवसांत माणूस काहीही बोलू शकतो.

टेस्टच्या दिवशी विम्याचे साहेब आले. पांढरा कोट, पांढरी पँट, जसं काही कापसाच्या गाठीला बघायला कापसाची गाठच आली होती. मॅनेजर आले, कंपनीचे इंजिनियर आले. नारळ फुटला. पंप सुरू झाला आणि दाबाचा काटा चढायला लागला. दिलदार नवा शर्ट घालून आला होता, केसाला पाणी लावून. एकेका जोडावर तो तळवा फिरवायचा आणि कोरडा तळवा साहेबांना दाखवायचा. पहिली रांग कोरडी. दुसरी कोरडी. हाफिजाचा ताग आणि दिलदारचा हात — पाण्याची काय बिशाद!

शेवटची रांग. एक थेंब आला... हाफिजा पदराआड हसली. दुसरा थेंब आला. काटा अजून चढला. आणि मग फस्सकन आवाज झाला, एका जोडातून धार सुटली, दुसऱ्यातून सुटली, मग अख्खी रांगच सुटली, आणि गोडावनात धो धो पाऊस पडला. बाहेर लख्ख ऊन, आत आषाढ. साहेबांचा कोट अंगाला चिकटला. मॅनेजर नारळाच्या करवंटीनं डोकं झाकायला लागले. झुंबरबाईनं तर गाठींखालून छत्री काढून उघडली. ती तिथं का होती ते विचारू नये. बाया किंचाळत पळाल्या.

हाफिजा पळाली नाही. ती भिजत उभी होती. वर शिडीवर दिलदार उघड्या दोन्ही हातांनी जोड दाबून धरत होता. एक धरला की दुसरा सुटायचा. पाणी त्याच्या बाह्यांतून, नव्या शर्टातून, पायांवरून खाली वाहत होतं. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. तो आपल्या हातांकडं बघत होता, जसं काही ते दुसऱ्याच कुणाचे आहेत.

पंप बंद झाल्यावर इंजिनियर सगळ्यांसमोर ओरडला, "फिटर म्हणवतोस? काल आलेल्या हेल्परनं बसवली असती तरी धरली असती!"

भिजल्या गाठी उन्हात न्यायला माणसं धावली. मॅनेजरनं दस्तगीरला बोलावलं. "गोडावनातल्या कुणी हात लावला काय या कामाला?"

दस्तगीरनं मिशीवरचं पाणी झटकलं. "साहेब, माझ्या पहाऱ्यात उंदीर बी इचारून शिरतोय. आपल्यापैकी कुणी काय केलेलं निघालं, तर हा पट्टा काढून घ्या माझा."

हाफिजाच्या तोंडात शब्द आलेला होता. तो तिथंच गोठला.

"कुणी न्हाई साहेब," दिलदार म्हणाला. "माझाच हात चुकला."

दुसऱ्या फिटरनं दुपारपर्यंत जुने जोड खरवडले. भिजल्या सफेद्यात कुजकं काय नि चांगलं काय, सगळं एकाच रंगाचं. ते त्यानं जाळून टाकलं. संध्याकाळी कंपनीचा हुकूम आला. दिलदारनं उद्याच निघायचं, कानपूरला, हेल्पर म्हणून.

सकाळी हाफिजा झुंबरबाईला घेऊन एस.टी. स्टँडवर गेली. झुंबरबाई लांब जाऊन एका पेरूवाल्याशी भांडत बसली. तिला पेरू नको होते, पण भांडण पुरवून पुरवून वापरत होती. दिलदार ट्रंकेवर बसला होता.

"तू कशाला आलीस? लोक बघत्यात."

"बघू देत."

"कानपूरला जात न्हाई मी. मुंबईला मामाची बेकरी हाय, तिथं पाव भाजीन. पाना न्हाई धरायचा आता."

"का?"

त्यानं हात पुढं धरले. "कापत्यात. इतक्या वरसांत एक थेंब गळला न्हवता, हाफिजा. काय चुकलं तेच कळंना. डोळं मिटलं की आटेच दिसत्यात." मग मान खाली घालून म्हणाला, "तुला काय वाटत असंल माझ्याबद्दल..."

ती 'वाट बघते' एवढंच सांगायला आली होती. तेवढंच सांगितलं असतं तर तो हसला असता. कदाचित पुढच्या थंडीत परतही आला असता. पण ते कापणारे हात तिच्यासमोर होते.

"तुमचा हात न्हाई चुकला," ती म्हणाली. "ताग कुजका हुता. वरनं चांगला, पोटात कुजका. मी केलता... मुद्दाम."

"तू?"

"थेंबभर गळंल वाटलं. चार दिवस राहाल वाटलं..."

तो तिच्याकडं बघत राहिला, आणि मग हसायला लागला. इतका, की पलीकडच्या बाकावरची म्हातारी जागी झाली. हसता हसता त्यानं मनगटानं डोळे पुसले.

"अगं येडे... 'थांबा' म्हणायचं हुतं."

"पोरीनं असं म्हणायचं असतंय व्हय?"

"आणि मी तरी कुठं बोललो! टेस्ट झाली असती, तर कंपनी मला हितंच फोरमन करणार हुती. गिरणीची बाकीची गोडावनं माझ्याकडं. त्याच सांजेला आईला वडगावसनं घेऊन तुझ्या अब्बांकडं येणार हुतो. तिनं साखर बी बांधून ठेवलती." त्याचा आवाज बारीक झाला. "आधी बापाला इचारायचं, मग पोरीशी बोलायचं... रीत हाय न्हवं?"

एक गाडी लागली, एक सुटली. दोघांनी त्यातली कुठलीही बघितली नाही.

"मग आता या," हाफिजा म्हणाली.

"आता? गोडावनाला आंघोळ घातलेला जावई?"

"मी खरं सांगती सगळ्यांना. आत्ता जाती."

"आणि तुझ्या अब्बांचा पट्टा?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. त्यानं मूठ मिटली, उघडली, बोटं हलवून बघितली, आणि एकदम त्याचा चेहरा पहाट झाल्यासारखा उजळला. "म्हंजे हात चांगलाच हाय माझा..."

हाफिजाला ते बघून बरं वाटलं. आणि तो उजेड आपल्यामुळं आला, पण आपल्यासाठी नाही, हेही तिला कळलं.

"कानपूरलाच जातो मग," तो ट्रंक उचलत म्हणाला. "तू कुणाला काय सांगू नकोस. मी बी सांगणार न्हाई."

"रागावलासा?"

तो खोटं बोलला असता तर सोपं गेलं असतं. "व्हय."

"लय?"

"लय."

"उतरंल कधी?"

"ते मलाच ठावं न्हाई, हाफिजा."

कंडक्टरनं घंटी मारली. तो चढला, खिडकीशी बसला, आणि गाडी वळेपर्यंत एकदाही तिच्यावरून नजर काढली नाही. पण हात काही बाहेर आला नाही.

उरूस झाला. कुरुंदवाडहून सुलतानबी आली, तिचा निसार आला. पोरगा खरंच चांगला होता. तिरकी टोपी, हसरे डोळे, सायकलचं दुकान. दस्तगीरला पाहुण्यांपुढं काय सांगू नि काय नको असं झालं, आणि त्यानं गोडावनातल्या पावसाची गोष्ट काढली. आधी धार करंगळीएवढी होती, ती सांगता सांगता मांडीएवढी झाली.

"आणि काय सांगू आपा, विम्याचा सायेब असा चिंब झाला, की घरी जाऊन त्यानं कोट पिळला तर खिशातनं मासा निघाला!"

सुलतानबी पदर तोंडाला लावून हसली. निसार मांडीवर थाप मारून हसला. हाफिजा चहाचं तबक घेऊन दारात उभी होती.

"आणि तो फिटर! शिडीवर नुसता माकडागत... हा जोड धर, तो जोड धर! असले कच्च्या हाताचे गडी मुंबईची कंपनी कुठनं आणती कुणास ठाऊक. शेवटी दिला हाकलून."

"त्यांचा हात चांगला हुता," हाफिजा म्हणाली.

हसणं तुटलं. सुलतानबीनं विचारलं, "कुणाचा गं?"

"फिटरचा."

"तुला काय कळतंय त्यातलं?" दस्तगीर म्हणाला.

"मला कळतंय."

निसारनं तिच्याकडं नीट बघितलं. तो खरोखरच चांगला माणूस होता. त्यानं कप उचलला आणि हळूच म्हणाला, "असंल की. चांगल्या माणसाचा बी एखादा दिवस वाईट असतोय."

यापेक्षा त्यानं हसलेलं परवडलं असतं.

सुलतानबीनं तिथल्या तिथं पोरीच्या हातावर साखर ठेवली. पोरगी धीट आहे, तिला आवडली. हाफिजा मुठीत साखर घेऊन आत आली आणि चुलीपुढं बसली. बाहेर माना हलल्या, तोंडं गोड झाली, पुन्हा चहा मागितला गेला. आणि शेजारची दोन माणसं नव्यानं येऊन बसली, म्हणून दस्तगीरनं गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. या खेपेला फिटर शिडीवरून पडला.